खंडाच्या दिवशी मागच्या गेटने

कुंदाताई, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी बसने ऑफिसला गेले. धायरी फाट्यावर वीस मिनिटं उभी, मग बसमध्ये एका पायावर उभी, मग दुसऱ्या बससाठी पुन्हा उभी. विद्यापीठाच्या गेटवर उतरून आत चालत जाईपर्यंत साडेदहा होऊन गेले आणि आपल्या विभागातल्या पवारांनी माझ्या नावासमोर लेट मार्क मारून ठेवला होता. ‘काय करणार ताई, नियम आहे,’ म्हणाले. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं वैकुंठ स्मशानात एकाच बाकावर बसून तुमची वाट बघत होतो. त्यांचे डोळे सुजले होते, माझे नव्हते. तुम्ही असतात तर तुम्हीही मार्क मारला असतात, आणि वर म्हणाला असतात, ‘मयत रविवारी होती, सोमवारी उशीर कशाला?’

अकरा वर्षं मी तुमच्या स्कूटरवर मागे बसून त्या आवारात गेले. तुम्ही आवक-जावक विभागाच्या कक्षाधिकारी, मी तिथली हंगामी लिपिक. विद्यापीठात येणारा प्रत्येक कागद आधी आपल्या टेबलावर येतो, त्याला क्रमांक पडतो, मोठ्या रजिस्टरात नोंद होते आणि मग तो पुढे जातो. कॉम्प्युटर आला तरी रजिस्टर राहिलं, कारण सर्व्हर आठवड्यातून दोनदा झोपतो. ते रजिस्टर मी लिहायचे आणि तुम्ही तपासायच्या. धायरीत आपली घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, म्हणून जाणं-येणं एकत्र. सकाळी आठ चाळीसला पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर. आठ एक्केचाळीसला आले तर तुम्ही घड्याळाकडे न बघता म्हणायच्या, ‘आज सावकाश?’

लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतायत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, ते मलाही कळतं. पण असताना बोलायला हवं होतं ते तुम्ही बोलू दिलं नाहीत, आणि आता बोलू नये. मग बोलायचं कधी? म्हणून लिहितेय. तुम्हाला कागदाचं प्रेम होतंच.

तुमचे नियम मला पाठ होते. मागे बसणारीनेही हेल्मेट घालायचं. हे पुण्यात! पहिल्या आठवड्यात मला इतकी लाज वाटायची की सिग्नलला मान खाली घालून बसायचे. झेब्रा पट्टीच्या अलीकडे थांबायचं, मागचा कितीही बोंबलला तरी. एकदा राजाराम पुलापाशी एक जण मागून हॉर्न वाजवून वाजवून बेजार झाला, तेव्हा तुम्ही मानही न वळवता म्हणालात, ‘घाई असेल तर वरनं उडून जा, मी डोकं खाली घेते.’ मी हेल्मेटच्या आत इतकी हसले की काच धुरकटली. आणि तिसरा नियम, गाडीवर ऑफिसचं बोलायचं नाही आणि ऑफिसात घरचं बोलायचं नाही. हा नियम मला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला होता.

मी अकोल्याकडची. लग्न होऊन इकडे आले, तेव्हा तोंडात माझ्या मायची भाषा. पहिल्याच दिवशी मी पवारांना ‘काऊन?’ म्हणून विचारलं आणि सगळा विभाग माना वर करून बघायला लागला. येताना गाडीवर तुम्ही म्हणालात, ‘काऊन इथे चालणार नाही. खरं तर इथे का हेसुद्धा विचारायचं नसतं, पण अगदीच विचारायचं असेल तर का म्हण.’ मी महिनाभर आरशासमोर ‘का, का’ करत होते. मिलिंद, माझा नवरा, म्हणायचा, घरात कावळा आणलाय की काय.

आणि तुम्ही चांगल्या होतात, हेही लिहायला लागणार. आर्यनच्या वेळी मला सातवा लागला तरी मी येत होते, कारण रजा घेतली तर पुढची ऑर्डर निघेल की नाही याची खात्री नव्हती. सिंहगड रस्त्यावर तेव्हा खणून ठेवलेलं. तुम्ही आपणहून रस्ता बदललात. कर्वेनगरातून लांबून, वीसच्या वेगाने, प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी पाय टेकवून. रिक्षावाले शिव्या देत पुढे जायचे. त्या दोन महिन्यांत तुमच्याच नावासमोर पहिल्यांदा लेट मार्क पडले आणि तुम्ही ते स्वतःच्या हाताने मारलेत. आर्यन झाल्यावर बघायला आलात तेव्हा त्याला म्हणालात, ‘काय रे, रस्ते कळले का पुण्याचे?’ हे मी विसरले असते तर आज मला सोपं गेलं असतं.

आपण एकाच समाजाच्या, हे तुम्ही ऑफिसात कधी दाखवलं नाहीत. तुमचं बालपण येरवड्यात गेलेलं, वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. घरातली पहिली पदवी तुमची, पहिली खुर्ची तुमची. एकदा विठ्ठलवाडीपाशी भाजी घेताना तुम्ही मला ती गोष्ट सांगितलीत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक फाईल हरवली आणि सगळ्यांची बोटं तुमच्याकडे वळली. तुम्ही त्या फाईलची पोच घेऊन ठेवली होती, तारीख आणि सहीसकट. ती चिठ्ठी समोर ठेवली आणि बोटं खाली आली. ‘तेव्हापासून सांगते वैशाली, माणसं तोंड फिरवतात, कागद फिरवत नाही. आपल्यासारख्यांना तर कागदानेच आत आणलंय. तो जपायचा.’ मेथीची जुडी हातात धरून तुम्ही हे बोलत होतात आणि मी भारावून ऐकत होते. भाजीवाली म्हणाली, ‘घेणार का सुकवणार?’

आता खंडाचं सांगते. तुम्हाला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला कळायला हवं. आम्हा हंगामी लोकांची ऑर्डर सहा महिन्यांची. सहा महिने संपले की एक दिवस आम्ही विद्यापीठाचे कोणी नसतो. दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर, तीच खुर्ची, तेच रजिस्टर. मधल्या त्या एका दिवसाला म्हणतात तांत्रिक खंड. कुणाला ‘मी सलग नोकरी केली’ म्हणता येऊ नये, म्हणून मुद्दाम ठेवलेला.

पहिल्या खंडाला मी घरी बसले, सरळ बाईसारखी. रजिस्टर पवारांनी लिहिलं आणि एकाच क्रमांकावर दोन पत्रं चढवली. त्यापुढचे सगळे क्रमांक चुकले. ते निस्तरायला आपल्याला तीन आठवडे लागले, प्रत्येक विभागात जाऊन हातापाया पडून क्रमांक बदलून घ्यावे लागले. पुढचा खंड आला तेव्हा आदल्या संध्याकाळी, मला कोपऱ्यावर उतरवताना, तुम्ही म्हणालात, ‘उद्या ये. मस्टरवर सही करू नकोस, पण ये.’

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. आपल्यात हरीने पायही धरले नाहीत, नुसतं ‘ये’ म्हटलं आणि गाढव आलं.

गेटवर कार्ड बघतात, आणि खंडाच्या दिवशी माझ्या कार्डाची मुदत संपलेली. म्हणून तुम्ही मला अलीकडच्या चौकात उतरवायच्या. तुम्ही मोठ्या गेटने स्कूटरवरून, वॉचमनचा नमस्कार घेत. मी मागच्या गेटने चालत, मुलींच्या वसतिगृहामागून, मेसच्या कचऱ्याच्या पिंपांजवळून, चांगली पंधरा मिनिटं. आत आले की कपाटांच्या मागे माझी खुर्ची हलवलेली असायची. डबाही तिथेच खायचा. कुणी साहेब आला की पवार खोकायचे आणि मी रजिस्टर घेऊन वाकायचे. पहिल्या वेळी मला त्याची गंमत वाटली. खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. माझ्यावाचून या एवढ्या मोठ्या विद्यापीठाचा क्रमांक चुकतो! माय म्हणाली, ‘बाई, फुकट राबून घेऊन रायले तुले.’ मी तिच्यावर रागावले. तुला नाही कळायचं, म्हटलं.

असे किती खंड गेले. प्रत्येक वेळी तो चौक, ते पिंप, ती खुर्ची. प्रत्येक वेळी रजिस्टरात त्या तारखेचं पान माझ्या अक्षरात, खाली तपासणीची सही तुमची.

मग समिती बसली. ज्या हंगामी लोकांना सलग सेवा दाखवता येईल, त्यांचा कायम करण्यासाठी विचार होणार. सगळे हसले, सलग कुठून दाखवणार, खंड काय उगीच ठेवलेत? पण मी हसले नाही. माझ्याकडे ती पानं होती. मी अर्ज केला, पहिला सोडून प्रत्येक खंडाच्या तारखेचा पान क्रमांक देऊन. या दिवशी मी काम केलं आहे, अक्षर तपासावं. मिलिंदची कंपनी बंद होऊन तेव्हा चार महिने झालेले. आर्यनची शाळा, घराचं सगळं, त्या एका अर्जावर होतं. अर्ज लिहून मी तुम्हाला दाखवला. तुम्ही दोनदा वाचलात, एका ठिकाणी स्वल्पविराम घातलात आणि म्हणालात, ‘दे.’

समितीने तुमचा अभिप्राय मागवला. कक्षाधिकारी म्हणून एकच प्रश्न तुम्हाला, या नोंदी कोणाच्या हातच्या आहेत?

दिवाळीनंतरच्या आठवड्यात पवारांनी मला कपाटांमागे बोलावून तो कागद दाखवला. तुमची सही, तुमचा शिक्का आणि वर एक ओळ. ‘सदर नोंदींमधील हस्ताक्षर कोणाचे आहे, हे निश्चितपणे सांगता येत नाही.’

मी ती ओळ तीनदा वाचली. सकाळचे अकरा वाजले होते. तुम्ही चार हातांवर बसला होतात, चष्मा कपाळावर घेऊन पत्रांवर शिक्के मारत. मी माझ्या जागेवर येऊन बसले आणि पुढचा क्रमांक टाकला. अक्षर सरळच आलं. मेलं तेही माझ्यासारखंच, सांगितलं तसं वागणारं.

साडेपाचला तुम्ही स्कूटर काढलीत आणि मी मागे बसले. लोक विचारतील, बसलीस कशी? उतरायचंस, थुंकायचंस. आर्यनला क्लासमधून सव्वासहाला घ्यायचं असतं आणि बसने सात वाजतात, हे एक. पण दुसरंही सांगते. मी तुम्हाला सोडणार नव्हते. रोज जाता-येता माझं वजन तुमच्या मागे असावं, रोज तुमच्या आरशात माझं तोंड दिसावं, एवढीच शिक्षा माझ्या हातात होती. मी ती दिली. अबोला धरला. तुम्हीही एकदाही म्हणाला नाहीत की उद्यापासून येऊ नकोस. आठ चाळीसला गिरणीचा कोपरा, हेल्मेट, झेब्रा पट्टी. आपण सगळे नियम पाळले.

एकदाच तोंड उघडलं. फेब्रुवारीत, राजाराम पुलाच्या सिग्नलला. मी विचारलं, ‘ताई, माझं अक्षर ओळखू येत नाही तुम्हाला?’

‘गाडीवर ऑफिसचं बोलायचं नाही.’

‘मग कुठे बोलायचं? ऑफिसात तर तुम्ही मॅडम असता.’

तुम्ही समोर बघत होतात. मी अकरा वर्षं तुमच्या हेल्मेटच्या मागच्या बाजूशीच बोलत आले, त्यामुळे चेहरा कसा झाला होता ते मला कधीच कळणार नाही. मग तुम्ही हळूहळू, शब्द मोजून बोलायला लागलात. ‘वैशाली, मी तसं लिहिलं असतं तर पहिला प्रश्न मला आला असता. खंडावरची बाई आत आली कशी? बसली कुठे? बोलावलं कुणी? माझ्या सहीवर किती जणांचा डोळा आहे तुला माहीत नाही. आपल्या माणसासाठी कागद रंगवला म्हणाले असते. निवृत्तीला वर्ष नाही राहिलं माझ्या. आणि मी खोटं काहीच लिहिलेलं नाही. निश्चितपणे सांगता येत नाही, एवढंच लिहिलंय.’

‘पण खरं काय ते तुम्हाला ठाऊक होतं.’

‘ठाऊक असणं वेगळं, कागदावर असणं वेगळं.’

‘तर काऊन बोलावलं मग मला दर वेळी?’ इतक्या वर्षांचा सराव गेला, मायचाच शब्द आला तोंडात.

सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न वाजवत होते. आणि तुम्ही म्हणालात, ‘तू आलीस कशाला?’

ताई, मी खूप ऐकून घेतलं आयुष्यात. सासरचं घेतलं, साहेबांचं घेतलं. पण हे वाक्य अजून माझ्या घशात अडकलंय, ना गिळता येतंय ना थुंकता. मी आले कशाला? तुम्ही ‘ये’ म्हणालात म्हणून आले. तुमच्या शब्दापुढे मला ऑर्डर लागत नव्हती, कागद लागत नव्हता, म्हणून आले. चूक माझीच. तुमच्याकडून बाकी सगळं शिकले, एवढी एकच गोष्ट शिकले नाही, की बोलावणंसुद्धा लेखी मागायचं असतं.

त्या दिवशी मला तुमच्याकडून कायमची नोकरी नको होती. ती गेलीच होती, समितीची यादी लागली होती, माझं नाव नव्हतं. मला एकच वाक्य हवं होतं. ‘मी घाबरले गं.’ बस. मी त्याच सिग्नलला माफ केलं असतं. घाबरणं मला कळतं, माझं सगळं आयुष्य सहा-सहा महिन्यांनी घाबरण्यात गेलंय. पण तुम्ही भीतीला नियमाचं नाव दिलंत, आणि नियमावर रागावता येत नाही.

मग मार्चमधल्या त्या रविवारी दुपारी प्रज्ञाचा फोन आला. तुमची मुलगी इतकं शांत बोलली की मला आधी समजलंच नाही. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणालात, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं. माझ्या तोंडातून पहिलं काय निघालं ठाऊक आहे? ‘असं कसं, अजून बोलणं व्हायचंय.’ प्रज्ञाला वाटलं, ऑफिसचं काही राहिलंय. म्हणाली, ‘वैशालीमावशी, आता जाऊ दे ना ते.’

वैकुंठात मी रडले नाही. पुण्यानुमोदनाला पांढरी साडी नेसून आले, त्रिशरण-पंचशील म्हटलं, खीर वाढली, भांडी आवरू लागले. तेव्हाही नाही. रडले ती बसमध्ये, दुसऱ्या आठवड्यात, कर्वे रस्त्यावर. एका बाईने उठून जागा दिली. तिला वाटलं, बरं नाही. मी बसले आणि खिडकीतून पहिल्यांदा तो रस्ता नीट बघितला. तुमच्या मागे बसून मला फक्त डावी बाजू दिसायची. उजवीकडे इतकी दुकानं आहेत हे मला माहीतच नव्हतं. रडता रडता मी एका दुकानाची पाटी वाचत होते आणि मला तुमचा इतका राग आला, की ही बाई मला साधा रस्तासुद्धा अर्धाच दाखवून गेली.

ऑफिसातली शोकसभा आज झाली. सोळा दिवसांनी, कारण आधी साहेबांना वेळ नव्हता. आणि आज माझा खंड होता.

काल संध्याकाळी पवार माझ्या टेबलापाशी आले. आता तात्पुरता चार्ज त्यांच्याकडे आहे. जरा घुटमळून म्हणाले, ‘ताई, उद्या सभा आहे मॅडमची. तुमचा खंड आहे, पण याल ना? शोकप्रस्ताव रजिस्टरात लिहायचाय. तुमचं अक्षर चांगलं आहे.’

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी मान खाली घातली. त्यांना काही सुचवायचं नव्हतं हो, ते बिचारे खरंच अक्षराचं बोलत होते.

मी गेले. मागच्या गेटनेच गेले, कार्ड कुठे आहे माझ्याकडे? अलीकडच्या चौकात बसमधून उतरले, वसतिगृहामागून, पिंपांजवळून. आज कपाटांमागे बसले नाही, एवढाच फरक. तुमच्या फोटोसमोरच्या टेबलावर बसून लिहिलं. ‘कै.’ लिहायचं की ‘कालकथित’, असं पवारांनी विचारलं, मी कुणाला विचारलंच नाही, ‘कालकथित’ लिहिलं. ‘त्यांची कर्तव्यनिष्ठा, शिस्त व कनिष्ठ सहकाऱ्यांविषयी आपुलकी सर्वांच्या कायम स्मरणात राहील.’ मजकूर वरून आलेला होता. ‘आपुलकी’पाशी माझं पेन थांबलं. मग मला कर्वेनगरचा लांबचा रस्ता आठवला आणि मी तो शब्द लिहिला. सुंदर लिहिला.

साहेब बोलले, पवार बोलले. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग हजेरीचा कागद फिरला. माझ्यापर्यंत आला तेव्हा पवारांनी हळूच त्यावर हात ठेवला. ‘ताई, तुम्ही नको. आजची तारीख आहे, उद्या कुणी विचारलं तर...’ त्यांचा आवाज अगदी तुमच्यासारखा लागला होता. मी कागद पुढे सरकवला. म्हणजे कागदाप्रमाणे मी आज तुमच्या शोकसभेला नव्हते. मी बाहेर आल्यावर पवार पाणी घेऊन माझ्यामागे आले, म्हणाले, ‘मलाही भीती वाटते हो ताई.’ माणूस साधा आहे, पटकन बोलून मोकळा झाला.

प्रस्तावाची एक प्रत घरी द्यायची असते. ती मीच लिहिली होती आणि धायरीला मीच जाणारी, म्हणून पाकीट माझ्याकडे दिलं. साडेचारलाच निघाले, सहा वाजता मी तुमचा जिना चढले. खाली स्कूटरवर कुणीतरी जुनी चादर टाकलीय. काकांनी, तुमच्या मिस्टरांनी, दार उघडलं. ‘जय भीम, ये गं,’ म्हणाले आणि आत चहा टाकायला गेले. मी म्हटलं मी करते, तर ऐकेनात. प्रज्ञा कालच सासरी गेलीय, आता त्यांना सगळं करता यायला हवं, म्हणाले. साखर दोनदा पडली चहात.

मग त्यांनी पाकीट फोडलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललंय त्यांनी, कागद अगदी नाकाजवळ धरावा लागतो. खिडकीशी जाऊन उजेडात धरला आणि वाचायच्या आधीच म्हणाले, ‘हे तू लिहिलंयस.’

मी विचारलं, ‘तुम्हाला कसं कळलं काका?’

‘न कळायला काय झालं? प्रज्ञाच्या लग्नाच्या पत्रिकांवर सगळे पत्ते तूच घातलेस ना? दोन रविवार बसली होतीस इथे.’ मग बोटाने ओळी चाचपत, जणू अक्षरं हाताला लागतायत, ते बोलत राहिले. ‘आणि हिचं तर रोजचंच. घरी आली की तुझ्या अक्षराचं कौतुक. म्हणायची, रजिस्टर उघडलं की लांबूनच कळतं, हे पवाराचं आणि हे माझ्या वैशालीचं. हजारात ओळखेन म्हणायची. आत्ताआत्तापर्यंत म्हणायची गं.’

त्यांना रडू आलं, म्हणून मी उठून त्यांच्या हातातला कागद घेतला. माझा तो गोड चहा सगळा प्यायले. हो काका, माझंच अक्षर, म्हटलं. त्यांना दुसरं काही सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला?

मला गिरणीच्या कोपऱ्यावर उतरवलं की घरी पोहोचायला तुम्हाला दोन मिनिटं लागायची, ताई. तेवढ्या दोन मिनिटांत तुम्हाला माझं अक्षर ओळखू यायला लागायचं.